उघाडीवरचा तास

माझ्या डाव्या भुवईत एक फट आहे. तिथे केस उगवत नाहीत. रोह्याच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, पॅसेंजर गाडीच्या खिडकीशी कुणी ना कुणी विचारतंच, की बाई, हे काय झालं. मी दर वेळी वेगळं सांगते. एकीला सांगितलं, नवऱ्याने लाटणं फेकलं. ती बिचारी नागोठणं येईपर्यंत माझा हात धरून बसली होती आणि माझा नवरा समोरच शेंगा सोलत होता. खरी गोष्ट अशी, की ही खूण मला नागरिकशास्त्र शिकवताना झाली. पण हे सांगितलं तर लोकांना ती थाप वाटते आणि लाटणं खरं वाटतं.

मी रोह्याची. तेव्हा रोज सकाळच्या गाडीने पेणला उतरायचं आणि मिनिडोर रिक्षात, भरल्या गाडीत आणखी एक होऊन खारपाटातल्या शाळेत जायचं, असा माझा नेम होता. खारपाट म्हणजे खाडीला बांध घालून, तिला मागे रेटून काढलेली भातशेती. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे खारं पाणी. आमच्या कुंडलिका नदीला धरणातून पाणी सुटतं, ते कारकुनासारखं वेळेवर येतं आणि मुकाट्याने जातं. खाडी तसली नाही. ती रोज बांधावर डोकं आपटते, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला तर ती आत घुसायच्या तयारीनेच येते. असल्या पाण्याशेजारी वाढलेली पोरं माझ्या वर्गात होती. मला ती फार आवडत.

मारामारी हा आमच्या शाळेतला वेळापत्रकात नसलेला तास होता. मधल्या सुट्टीत पट्ट्या, कंपास, चपला, पावसाळ्यात चिखल. हेडसरांकडे निरगुडीची छडी होती. भांडण कुणी काढलं याची चौकशी ते कधी करत नसत. सगळ्यांची रांग लावत आणि प्रत्येकाला सारखं मारत. "कायद्यापुढे सगळे समान," असं मारताना म्हणत. घटनेतलं हे तत्त्व आमच्या मुलांना तळहातावर पाठ होतं.

मी मुलांना मारत नसे, पण मारायची हौस फळ्यापुढे पुरी करून घेई. फ्रेंच राज्यक्रांती शिकवताना टेबलावर खडूंची रांग उभी करायची, प्रत्येकाला उमरावाचं नाव द्यायचं आणि पट्टीच्या एका फटक्यात मान उडवायची. राजाचा खडू रंगीत. त्याचं मुंडकं कुणाला मिळणार यावर मागच्या बाकांवर खरोखरची गुद्दागुद्दी व्हायची. इतिहासाची मला कधीच काळजी नव्हती. नागरिकशास्त्र मात्र अवघड होतं. त्यात कुणी मरत नाही.

म्हणून त्या वर्षी नववीला गावाचा कारभार शिकवताना मी पुस्तक मिटलं आणि वर्गाचीच ग्रामसभा भरवली. मी टेबलावर बसले, मुलं बाकांवर चढली. विषय मुलांनीच काढला. रोज वर्ग झाडायचा कोणी?

"पोरींनी," मॉनिटर म्हणाला. अंगाने दणकट, आवाजाने त्याहून दणकट पोरगा. त्याचे वडील त्यांच्या गावचे पंच होते.

"ठराव मांडलास. आता हात वर."

मुलांचे हात तर वर होतेच. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकेक हात वर गेला. तिसऱ्या बाकावर एक हात खालीच राहिला. हडकुळी, दोन घट्ट वेण्यांची, फारसं न बोलणारी मुलगी. ती मॉनिटरच्याच गावची.

"तुझं काय म्हणणं?"

"घरी मीच झाडते, बाई. इथं बी मीच? ज्यानं कचरा केला त्यानं झाडावा."

"छान. ठराव बहुमताने मंजूर, एक मत विरोधात," असं मी म्हणाले आणि लिहायला वळले, तर मागे कुजबुज.

"तसं नसतं, बाई," मॉनिटर उभा राहिला. "गावकीत बहुमत नाय. एकमत. सगळ्यांचा हात वर पायजे."

"आणि एखाद्याचा नसला तर?"

"मग त्याला वाळीत टाकतात." मी पेणचा रस्ता विचारावा आणि त्याने सांगावा, इतक्या सहज.

वाळीत टाकण्याविरुद्धचा वेगळा कायदा तेव्हा व्हायचा होता. असता तरी मी थांबले असते असं नाही. असली संधी वर्गात चालून आली की माझे हात शिवशिवतात. मी खडू उचलला. "कसं टाकतात? नियम सांग, मी लिहिते."

तो सांगत गेला, मी सुवाच्य अक्षरात लिहीत गेले. वाळीतल्याशी बोलायचं नाही. त्याचं घ्यायचं नाही, त्याला द्यायचं नाही. त्याच्या लग्नाला जायचं नाही, मयताला जायचं नाही. त्याच्या पाळीचं काम दुसऱ्याने करायचं नाही. जो करील तोही वाळीत.

"बोलायचं नाही, पण शिव्या द्यायला काय हरकत आहे?" मी विचारलं. वर्ग हसला.

मॉनिटर हसला नाही. "शिवी पन नाय. शिवी दिली म्हंजे बोलणं झालं. आमचे बाबा सांगतात. साधा माणूस बोलला तर तो पन वाळीत. आन पंच बोलला, तर तो वाळीतला परत गावात आला. पंचाचा शब्द म्हंजे गावाचा शब्द."

मी तेही लिहिलं आणि टाळ्या वाजवल्या. पुस्तकातल्या कुठल्याही धड्यापेक्षा हे पक्कं होतं. घंटा झाली, मी फळा पुसला आणि म्हटलं, "खेळ संपला. हे बरं की वाईट, त्यावर उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी पाहते तर खेळ संपलेला नव्हता. तिसरा बाक रिकामा करून मुली दुसरीकडे सरकल्या होत्या. कुणीतरी बाकाभोवती खडूने रेघ ओढली होती. मी रागावले. मॉनिटर नम्रपणे म्हणाला, "फळा पुसला म्हणून गावकी पुसत नाय, बाई."

पण एक गोष्ट सगळे विसरले होते. वर्गाच्या कोपऱ्यात पाण्याचा माठ होता आणि आठवड्याच्या पाळीने कुणीतरी तो भरायचा. त्या आठवड्याची पाळी तिची होती. तिला "भर" म्हणायला बोलावं लागणार. दुसऱ्याने भरला, तर त्याने तिच्या पाळीचं काम केलं. माठ कोरडा ठणठणीत. पावसाने उघडीप दिली होती, उकाडा मी म्हणत होता, आणि शाळेचा नळ पार कुंपणापाशी. मी तिला विचारलं, "माठ का भरला नाहीस गं?"

"मला कोनी सांगितलं नाय, बाई," ती खाली बघून म्हणाली. ओठाचा कोपरा मात्र हलला. त्या क्षणी मला कळलं, की वर्गात नागरिकशास्त्र हिला एकटीलाच समजलंय.

तहानेने माणसांची फार लवकर जनावरं होतात. मधल्या सुट्टीत मॉनिटरने माठाला लाथ घातली. माठ फुटला. मग त्याने बोलायचं नाही हा नियम पाळत, तोंडातून अक्षर न काढता, तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला नळाकडे ओढायला लागला. दारापर्यंत ती गेली. दारात तिने हातातला स्टीलचा डबा फिरवला. असा फिरवला, की आवाज स्टाफरूमपर्यंत आला. मी धावत गेले तेव्हा मॉनिटर तोंड धरून खाली बसला होता, बोटांमधून रक्त गळत होतं, समोरच्या दाताचा तुकडा माठाच्या खापरांत पडला होता, आणि डब्यातली सुक्या जवळ्याची चटणी भिंतभर झाली होती. मग त्याचे दोस्त तिच्यावर, मुली त्यांच्यावर, बाकं आडवी. मी मध्ये शिरले आणि मला कुणीतरी कडकडून चावलं. कोण ते कळलं नाही, पण दात पुढचे शाबूत होते, म्हणजे मॉनिटर नक्की नव्हता. हेडसर छडी घेऊन आले आणि त्यांनी सर्वांना समान न्याय दिला. ज्याचा दात पडला होता त्यालाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच शाळेत आले. पांढरा शर्ट, मागे चार माणसं, बरोबर मुलगा. खिशातून पानात गुंडाळलेला दाताचा तुकडा काढून त्यांनी हेडसरांच्या टेबलावर ठेवला. आधी मुलाच्या कानाखाली एक वाजवली.

"पोरीचा मार खाऊन घरी येतोस." मग हेडसरांकडे वळून, "ती पोर बोलवा."

"आपण शांतपणे बसून..." हेडसर म्हणाले. पंचांनी बसायची खुर्चीच उचलून कपाटावर घातली. काच फुटली. कपाटावरचा पृथ्वीचा गोल खाली आला, दोन भाग झाले आणि आशियाकडचा अर्धा भाग टप्पे घेत व्हरांड्यात गेला. हेडसर भारताच्या नकाशामागे सरकले होते. खालून त्यांच्या चपला दिसत होत्या.

"त्याने आधी वेणी ओढली," मी म्हणाले. "वेणीचं पण बोला."

"बाई, तुमी रोह्याच्या. गाडीनं येता, गाडीनं जाता. गाव आमचं हाय."

"वर्ग माझा आहे."

"मग वर्ग संभाळा. गावाचं आमी बघतो."

गावाने त्याच संध्याकाळी बघितलं. मी तिथे नव्हते, पण दुसऱ्या दिवशी वर्गाने मला सगळी बैठक करून दाखवली; एकाने पंचांचा शर्ट खोचला, एक देवळाचा खांब झाला, आणि मुलीच्या बापाचं काम करायला तिघे भांडले. बाप डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता आणि शिफ्टवरून तसाच बैठकीला गेला होता. गावकीने त्याला दोन गोष्टी सांगितल्या. मुलीने देवळात सगळ्यांसमोर नाक घासायचं, आणि शाळा सोडायची, कारण हात उगारायला ती शाळेतच शिकली.

"दात पडला तो मी भरून देतो," बाप म्हणाला. "वेणी ओढली ती कोन भरून देतो?"

यावर कुणीतरी भजनाचा टाळ फेकला. त्याच्या कानाची पाळी फाटली. त्याने फेकणाऱ्याला देवळाच्या पायऱ्यांवरून खाली लोटलं, मग चौघांनी त्याला. आमच्या बाप झालेल्या पोराने पडताना इतकं छान काम केलं, की त्याचं कोपर खरंच सोललं. शेवटी पंच झालेल्या पोराने हात वर करून निकाल दिला. सगळं घर वाळीत. आता खडूची रेघ नव्हती.

मग दुकानात त्यांना मीठ मिळेना. मिनिडोरवाला त्यांच्या दारापुढून भरधाव जाई. मुलगी खाडीच्या बांधावरून चालत शाळेला येऊ लागली, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. वर्गात तिचा बाक मी सगळ्यांच्या मध्ये ओढून घेतला होता, पण तोंडं बंदच. एका शनिवारी शाळा सुटल्यावर ती माझ्यापाशी थांबली.

"बाई, मी सोमवारपासनं येईन का नाय, म्हायती नाय. बाबा बोलतात, रोह्याला मामाकडं जा. मामीला बाळ झालाय. तिथं हात लागंल."

हात लागेल म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. आमच्याच गल्लीत असे तीन-चार हात धुणी वाळत घालताना दिसायचे. शाळा एकदा सुटली की सुटली.

"आईचं काय म्हणणं?"

"आई बोलते, उद्याची पुनव जाऊ दे, मग जा."

"पुनवेला काय आहे?"

तिने मान वर केली. परत तोच ओठाचा कोपरा. "नारळी पुनव. मोठं उधाण. आन उघाडीची पाळी आमची हाय."

बांधाला एक लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला दार वर ओढून खुंटी मारायची, म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती फिरली की खुंटी काढायची. दार खाली पडतं आणि खाडी बाहेर राहते. चुकलं, तर खारं पाणी भातात, आणि मग ती जमीन काही वर्षं कपाळाला हात लावून बघत बसायची. गावात घरटी पाळी ठरलेली. वाळीत टाकायच्या घाईत गावकीने पाळीची आठवणच केली नव्हती.

"मग तुम्हाला दार पाडायला सांगणार कोण?" मी विचारलं.

"त्येच तर," ती म्हणाली.

रविवारी सुट्टी, सण, आणि घरी नारळीभाताला नारळ खवायचे. मी नवऱ्याला खवणी दिली आणि पहिली गाडी पकडली.

बांधावर सगळं गाव जमलं होतं. खाडीला सोन्याच्या कागदातला नारळ वाहून झाला होता आणि नारळफोडी रंगात आली होती. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एकाने नारळ घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपला त्यावर आपटायचा. ज्याचा फुटला तो हरला. बोटं ठेचतात, पाणी उडतं, खोबऱ्याचे तुकडे पोरं उचलतात. मला बघून माझे विद्यार्थी धावत आले, एकाने माझ्या हातात नारळ दिला. मी पंचांच्या धाकट्या भावाचा नारळ पहिल्या फटक्यात फोडला. बायकांनी हसून घेतलं. सांगायचं एवढंच, की मी तिथे पाहुणी म्हणून मानाने उभी होते आणि प्रत्येकाच्या हातात एकेक नारळ होता.

थोड्या अंतरावर उघाडीच्या आडव्या ओंडक्यावर ती मुलगी पाय सोडून बसली होती. शेजारी आई उभी, कमरेला कोयता. दार वर होतं, खुंटी मारलेली. पाणी शेतातून खाडीकडे खळखळत होतं. पाळीचं काम चोख.

दुपार व्हायला आली. खळखळाट मंदावला. पाणी क्षणभर उभं राहिलं आणि मग उलटं चालायला लागलं.

नारळांचे आवाज एकेक करून थांबले. सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.

"पाळी कोनाची?" एका म्हाताऱ्याने विचारलं. कुणी उत्तर देईना. उत्तरात त्या घराचं नाव घ्यावं लागलं असतं.

"जा रे, खुंटी काढ," पंचांचा थोरला भाऊ धाकट्याला म्हणाला.

"मी काढू? म्हंजे त्यांच्या पाळीचं काम मी केलं? मग मी वाळीत?"

"आरं, पाणी आत येतंय."

"मग तू काढ. तुला गाव सुटला तर चालंल."

थोरल्याने धाकट्याच्या पाठीत नारळ घातला. धाकट्याने त्याच्या पोटात डोकं घातलं. तेवढ्यावर राहिलं असतं, पण वाळीत टाकायची घाई कुणी केली, हा प्रश्न निघाला, आणि मग बांधावर जे काही सुरू झालं ते मी आजही डोळे मिटून बघते. बांध तो केवढा, दोन माणसं जेमतेम जातील एवढा, आणि त्यावर सगळं गाव. नारळ टाळक्यांवर वाजत होते. एक जण खाडीत पडला, एक शेतात. शेतातल्याने उभ्या भाताचा चिखल भरून वर फेकायला सुरुवात केली. बायका आधी सोडवायला गेल्या आणि मग एकमेकींचे केस धरून परत आल्या. ज्याने टाळ फेकला होता त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली होती, आणि ते कुणी काढलं याची त्यालाही कल्पना नव्हती.

एवढ्यात कुणाला तरी मी आठवले. "बाईंना सांगा. बाई गावच्या नायत. त्यांना वाळीत लागत नाय."

पंच धापा टाकत माझ्यापुढे आले. शर्टाची एक बाही गेली होती. "बाई, पोरीला सांगा, दार पाड."

"कोणत्या पोरीला?"

"ती. ती बसलीय ती."

"तुम्हीच सांगा. हाकेच्या अंतरावर आहे."

"बाई, थट्टा करू नका. तुमी सांगा."

"ग्रामसभेत ज्याचं म्हणणं त्याने मांडायचं," मी म्हणाले. "निरोप्या नसतो. तुमच्या मुलाला विचारा, परीक्षेला विचारते मी हे."

तेव्हाच ती करवंटी आली. अर्धा फुटलेला नारळ, जोर लावून मारलेला. चष्मा गेला, भुवई फाटली आणि मी बांधावर बसकण मारली. एका डोळ्यात रक्त, दुसऱ्याने दिसत होतं. कुणी मारली ते मला माहीत आहे. तो आता मिनिडोर चालवतो आणि मला पुढची सीट देतो, म्हणून नाव घेत नाही.

मला पडलेलं बघून मुलगी उठली. हात खुंटीवर गेला. "बाई, पाडू?" ती ओरडली.

खरं सांगते, त्या क्षणी माझ्यातली मास्तरीण घाबरली होती. पाणी दारातून मांडीइतकं जाड होऊन आत येत होतं. मुलीच्या घरचं भातही याच बांधाच्या आत होतं. मी "पाड" म्हटलं असतं तर तिने पाडलं असतं, गाव वाचलं असतं, आणि सोमवारी ती रोह्याला धुणी वाळत घालत असती.

"पाळी तुझी," मी ओरडले. "तू ठरव."

ती उभी राहिली. शेतांकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग ती परत ओंडक्यावर बसली.

उघाडीलगतचं खोलगट शेत पंचांचं. पहिलं पाणी त्यातच उतरत होतं. भाताचे शेंडे आडवे झालेले त्यांनी पाहिले आणि कुणाचं तरी फावडं हिसकावून ते उघाडीकडे धावले. माणसं भांडायची थांबली. फावडं वर होतं. आईने कोयता काढला आणि मुलीपुढे येऊन उभी राहिली. दोघांत एक हाताचं अंतर. पंचांचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. मुलगी पाण्याकडे बघत पाय हलवत बसली होती, जणू तिथे कुणी आलेलंच नाही.

मला वाटतं, कोयत्याने त्यांचं काही बिघडलं नाही. त्या पायांनी बिघडलं.

पंचांनी शिवी दिली. ती मी लिहीत नाही. लांबलचक होती, तिच्यात मुलीच्या तीन पिढ्या येऊन गेल्या, आणि तिच्या शेवटी "दार पाड" होतं.

मुलीने मान वर केली आणि सभेत पुरवणी प्रश्न विचारावा तसं विचारलं, "काका, मला बोललात?"

"तुला नाय तर काय खाडीला?" पंच गरजले. आणखी एक शिवी, आधीच्यापेक्षा आखूड.

"सगळ्यांनी ऐकलं ना?" ती बांधाकडे बघून म्हणाली, आणि तिने खुंटी ओढली.

दार अर्ध्यावर अडकलं. पाण्याचा दाब त्याला खाली येऊ देईना. मग मात्र कुणाला कुणाचं बोलणं आठवलं नाही. ज्यांनी एकमेकांची डोकी फोडली होती ते सगळे पाण्यात उतरले आणि दारावर लोंबकळले. पंचांनी खांदा लावला, शेजारी तिच्या आईने लावला. दार धाडकन खाली बसलं आणि पंचांची दोन बोटं त्याच्या खाली. ते ओरडले तेही शिवीनेच. पण आता शिव्या मोकळ्या झाल्या होत्या.

संध्याकाळी देवळात बैठक झाली. शिवी म्हणजे बोलणं का, यावर पंचांच्या भावाने वाद काढला. पंच बोटांना फडकं बांधून बसले होते. तेव्हा मॉनिटर उभा राहिला आणि फुटक्या दातातून वारा सोडत म्हणाला, "बाबा, तुमीच सांगितलंत. शिवी दिली म्हंजे बोलणं झालं. बाईंनी फळ्यावर लिवलंय." त्याला आणखी एक थोबाडीत बसली, पण घर गावात आलं. नाक घासायची गोष्ट परत कुणी काढली नाही. पंचांच्या खोलगट शेतातला एक पट्टा त्या वर्षी पिवळा पडून गेला. बाकीचं भात वाचलं.

सोमवारी मी डोक्याला पट्टी बांधून वर्गात गेले. तिसऱ्या बाकावर दोन वेण्या होत्या. रेघ पुसलेली होती, पण वर्गात कचरा तसाच. मी टेबलावर बसले आणि म्हटलं, "ठराव परत मांडायचाय कुणाला? वर्ग झाडायचा कोणी?"

कुणी हात वर केला नाही. सगळे मॉनिटरकडे बघत होते. तो बराच वेळ बाकाची कड नखाने कुरतडत बसला. मग मागे वळला.

"गो," तो तिला म्हणाला, "झाडू दे इकडं."

तिने कोपऱ्यातला झाडू उचलला आणि भिरकावला. तो त्याच्या गुडघ्यावर असा लागला, की तो मधली सुट्टी होईपर्यंत लंगडत झाडत होता.